किराया वाढवायची नोटीस: आधी आकडा, मग पत्र

मराठवाड्यात किराया वाढतो तो बहुधा दारात उभ्या उभ्या. "पुढच्या महिन्यापासून पाचशे जास्त द्या बरं का," एवढं बोलून मालक निघतात, किरायदार मान हलवतो आणि पुढच्या महिन्यात फोनपेवर जुनीच रक्कम येऊन पडते. दोन-चार महिने असेच गेले की कुरबूर सुरू होते. प्रकरण वकिलाकडे गेलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: लेखी काय दिलंय? बहुतेकांनी काहीच दिलेलं नसतं. ज्यांनी दिलेलं असतं, त्यांच्या कागदात आकडा चुकलेला असतो, नाहीतर तो आकडा मागायचा अधिकारच त्यांना नसतो.

म्हणून पत्राचा मजकूर नंतर. आधी हे ठरवा की घरात राहणारा माणूस कायद्याच्या नजरेत कोण आहे. एकाच गल्लीतल्या तीन घरांना तीन वेगळे नियम लागू असू शकतात.

आपल्याकडे थोडा इतिहास माहीत असलेला बरा. मराठवाडा निजामाच्या राज्यातून आला, त्यामुळे इथल्या घर-दुकानांच्या किरायाला मुंबईचा १९४७ चा कायदा नव्हता; हैदराबादचा १९५४ चा घरभाडे नियंत्रण कायदा होता. विदर्भात तिसराच आदेश चालायचा. हे तिन्ही मोडीत काढून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या मोंढ्यातल्या, गंजगोलाईतल्या किंवा गुलमंडीच्या आसपासच्या दुकानमालकांकडे आजही हैदराबाद कायद्याखालचे आदेश पिवळ्या कागदावर जपून ठेवलेले सापडतात. ते रद्दी समजून फेकू नका. कंट्रोलरने (किराया ठरवून देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने) तेव्हा ठरवून दिलेला किराया अधिक ५ टक्के, हाच त्या जागेचा आजचा 'प्रमाणित किराया', म्हणजे कायद्याला मान्य असलेला मूळ किराया, धरला जातो. असा आदेश नसेल आणि जागा जुन्या काळापासून किरायाने असेल, तर १ ऑक्टोबर १९८७ ला किती किराया होता इथून हिशोब सुरू होतो. त्या वर्षाची पावती, वही, बँकेचं पासबुक, जे असेल ते शोधून काढा. तो कागद नसेल तर पुढचा सगळा हिशोब हवेत राहतो.

आता नवीन घरांकडे येऊ. सिडकोतला दोन खोल्यांचा ब्लॉक, लातूरला क्लाससाठी आलेल्या पोरांना दिलेली खोली, नांदेडचा फ्लॅट: यांतल्या बहुतेकांचा कागद 'लिव्ह अँड लायसन्स'चा असतो, अकरा महिन्यांचा. इथं राहणारा माणूस कायद्याने किरायदार नाही, परवानाधारक आहे. त्याच्याकडून घेतो ती 'परवाना फी'. मुदत चालू असताना ती वाढवायची असेल तर करारातच तसं कलम हवं. ते नसेल तर पाचव्या महिन्यात कितीही सुंदर नोटीस पाठवा, समोरच्याने 'नाही' म्हटलं की विषय संपला. तीन वर्षांचा करार असेल तर "प्रत्येक अकरा महिन्यांनंतर ५ टक्के" किंवा "८ टक्के" असं कलम घालतात. ते असेल तर नोटीस म्हणजे फक्त आठवण: कलम अमुक, जुनी फी अमुक, नवी फी अमुक, तारीख अमुक.

कलम नसेल तर थांबायचं आणि मुदत संपण्याआधी प्रस्ताव द्यायचा. या पत्राला 'वाढीची नोटीस' म्हणूच नका. त्याचा सूर असा ठेवा: आपला करार ३० एप्रिलला संपतो, पुढे राहायचं असल्यास नवा करार ८,६०० रुपये फीने होईल, १५ एप्रिलपर्यंत लेखी कळवा, नाहीतर ३० एप्रिलला ताबा द्या. मुदत संपण्याच्या एक महिना आधी हे पत्र पोहोचलं पाहिजे. करारात नोटिशीची मुदत दोन महिने लिहिली असेल तर दोन महिने.

इथं सगळ्यात जास्त लोक कुठं फसतात? मुदत संपते, नवा करार होत नाही, पण फी वाढवून घेणं सुरू होतं. सहा महिने, वर्ष, दोन वर्षं. मग वाद झाला की समोरचा म्हणतो, मी आता परवानाधारक नाही, किरायदार आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत समोरच्याचं म्हणणं खरं धरलं जातं, ते खोटं असल्याचं मालकाने सिद्ध करेपर्यंत. वर नोंदणी न केल्याबद्दल तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं कायद्यात लिहिलेलं आहे. अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही, बाँडवर नोटरी केली की झालं, ही समजूत दुसऱ्या राज्यांतून इकडे आली असावी. महाराष्ट्रात ती चालत नाही.

नोंदणीचा खर्च ऐकला तर या कंजूषपणाचं हसू येतं. आठ हजार रुपये फी, अकरा महिने, म्हणजे ८८,००० रुपये. पंचवीस हजार अनामत असेल तर तिच्यावर दहा टक्के दराने व्याज धरायचं, साधारण २,३०० रुपये. बेरीज ९०,३०० रुपये. मुद्रांक शुल्क या बेरजेवर ०.२५ टक्के, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास. नोंदणी फी महापालिका आणि नगरपालिका हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. ऑनलाइन करून देणारा माणूस स्वतःची मजुरी घेईल ती वेगळी. लातुरात जूनला नवी बॅच येते, पुढच्या मे महिन्यात 'नीट'ची परीक्षा होते आणि खोली रिकामी होते; अकरा महिन्यांचा करार या चक्रात अगदी बसतो. दर जूनला नवीन पोरगं, नवीन करार, नवीन फी. वाढीची नोटीस लागतच नाही.

आता खरा किचकट भाग. ज्याच्याकडे लायसन्सचा कागद नाही, जो वर्षानुवर्षं महिन्याच्या किरायाने आहे, ज्याला तुम्ही पावती फाडून देता, तो माणूस किरायदार आहे. शहरी भागात राहणं, शिक्षण, व्यापार किंवा साठवण यासाठी दिलेल्या जागेला भाडे नियंत्रण कायदा लागतो, आणि त्यातलं कलम ११ मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ करण्याचा हक्क देतं. चार. दहा नाही, पाच नाही. कलम १० म्हणतं की प्रमाणित किराया आणि कायद्याने परवानगी दिलेली वाढ यांच्या वर मागणं किंवा घेणं बेकायदा आहे. त्यामुळे "दरवर्षी दहा टक्के वाढवायचं आमचं ठरलंय" असं तोंडी किंवा साध्या कागदावर ठरलेलं असलं तरी किरायदार कोर्टात गेला तर त्या दहा टक्क्यांचं काही खरं नाही.

४ टक्के आपोआप लागत नाहीत, हेही लक्षात घ्या. कायद्याचा शब्द आहे मालक वाढ करण्यास 'हक्कदार' असेल, असा. हक्क आहे तो वापरावा लागतो, म्हणजे मागावं लागतं. ज्याने कधी मागितलंच नाही त्याची वाढ कुठल्या तारखेपासून धरायची, यावरच निम्मं भांडण होतं.

हिशोब असा. चालू किराया ६,५०० रुपये. ४ टक्के म्हणजे २६०. नवा किराया ६,७६०. पुढच्या वर्षी ६,७६० वर ४ टक्के म्हणजे २७० रुपये ४० पैसे, नवा आकडा ७,०३० रुपये ४० पैसे. पैसे गाळून ७,०३० करा. वर गोल करून ७,०५० करू नका. वीस रुपयांसाठी ४ टक्क्यांच्या वर गेलात तर समोरच्या वकिलाला तुमच्या नोटिशीत पहिली फट तिथेच सापडेल. कायद्यात चक्रवाढ किंवा सरळ असा शब्द नाही. दरवर्षी न चुकता मागणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाही, कारण तो त्या दिवशीच्या चालू किरायावर मागतो. तीन वर्षं गप्प बसून एकदम बारा टक्के मागणाऱ्याला पडतो. गप्प बसून झालंच असेल तर आजपासून पुढे चार टक्क्यांनी सुरू करणं सगळ्यात सुरक्षित.

आणि पंचवीस वर्षांचं मोजून? मोंढ्यातल्या अडीचशे रुपये किरायाच्या दुकानाबाबत हा प्रश्न हमखास येतो. ३१ मार्च २००० पासून दर साल ४ टक्के लावून आजचा आकडा मांडायचा मोह होतो. तो आकडा पुढच्या महिन्यांसाठी मागायचा की नाही, हे तुमचे कागद बघून वकिलाने ठरवायचं. पण एक नक्की: थकबाकी म्हणून मागे जाऊन वसूल करायचं असेल तर मुदत कायद्याप्रमाणे किराया देय झाल्यापासून ३ वर्षांच्या आत दावा हवा. त्यामागचं मागून हाती काही लागत नाही, नोटीस मात्र हास्यास्पद दिसते.

चार टक्क्यांशिवाय आणखी दोन दारं आहेत. पहिलं घरपट्टीचं, कलम १२. महापालिकेने किंवा नगरपालिकेने मालमत्ता कर वाढवला आणि तो मालक भरत असेल, तर जेवढा कर वाढला तेवढाच, त्या किरायदाराच्या वाट्यापुरता, किरायात वाढवता येतो. समजा वर्षाचा कर ४,८०० वरून ६,००० झाला. वाढ १,२००. घरात सारख्या आकाराच्या जागेत राहणारे चार किरायदार असतील तर प्रत्येकी ३०० रुपये वर्षाला, म्हणजे महिन्याला २५. पूर्ण सहा हजार चौघांत वाटायचे नाहीत, आणि मालक स्वतः वरच्या मजल्यावर राहत असेल तर त्याचा वाटा त्यानेच भरायचा. नोटिशीसोबत आधीच्या आणि आताच्या दोन्ही वर्षांच्या कर पावत्यांच्या झेरॉक्स लावा. नुसतं "घरपट्टी वाढली" असं लिहिलेलं पत्र टिकत नाही.

दुसरं दार सुधारणांचं. जागेत नव्याने सोय केली किंवा बांधकामात सुधारणा केली, तर त्या खर्चाच्या वर्षाला १५ टक्क्यांपर्यंत किराया वाढवता येतो, पण त्यासाठी ७० टक्के किरायदारांची लेखी संमती लागते. साठ हजार खर्च केला तर वर्षाला जास्तीत जास्त ९,०००. चार किरायदारांत प्रत्येकी २,२५०, महिन्याला १८७ रुपये ५० पैसे. गळकं छत, फुटलेला पाइप, कोसळायला आलेली भिंत यांची दुरुस्ती यात धरायची नाही; ती मालकाची बांधिलकीच आहे. संमती आधी घ्या. बोअर पाडून झाल्यावर सह्या गोळा करायला निघालात तर कोणी सही देणार नाही.

पाण्याच्या टँकरचं काय? उन्हाळ्यात अर्ध्या मराठवाड्याचा हा प्रश्न आहे. टँकर किरायात घालू नका. त्याची वेगळी वही ठेवा, तारीख, लिटर, रक्कम, किती घरांत वाटली, आणि प्रत्येकाकडून त्याचा वाटा वेगळ्या पावतीने घ्या. एकदा टँकरचे चारशे रुपये किरायाच्या पावतीत मिसळले की ते वाढीव किरायासारखे दिसायला लागतात, आणि ४ टक्क्यांच्या हिशोबात तुम्हीच गुंतता.

कायदा लागू न होणाऱ्या जागा थोडक्यात. बँक, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपनी, किंवा एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेली कंपनी तुमच्या जागेत असेल तर भाडे नियंत्रण कायदा लागत नाही. तालुक्याच्या गावी बँकेची शाखा किंवा मोठ्या कंपनीचं शोरूम असतं, ते यात येतं. ४ टक्क्यांची मर्यादा नाही, पण म्हणून मनाला येईल तेवढं एकतर्फी वाढवताही येत नाही. करारात काय ठरलंय ते चालतं. मुदत संपलेली असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ प्रमाणे १५ दिवसांची नोटीस देऊन किरायदारी संपवायची आणि नव्या दराने बोलणी करायची. ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या जागेला, म्हणजे वाळूज एमआयडीसीच्या आसपासच्या कामगारांच्या चाळी वगैरे, हा कायदा लागतो का ते त्या गावाचं नाव कायद्याच्या अनुसूचीत आहे का यावरून आधी तपासा. अंदाजाने चालू नका.

नोटिशीची मुदत किती, यावर इंटरनेटवर दोन आकडे फिरतात आणि दोन्ही चुकीच्या ठिकाणाहून उचललेले आहेत. पंधरा दिवस हा वर सांगितलेल्या कलम १०६ मधला आकडा. तो महिन्याची किरायदारी संपवण्यासाठी आहे, किराया वाढवण्यासाठी नाही. तीन महिने हा केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातला. तो नमुना आहे, राज्याने स्वतः कायदा केल्याशिवाय लागू होत नाही, आणि महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो. कलम ११ मध्ये नोटिशीचा नमुनाही नाही आणि दिवसही नाहीत. म्हणून व्यवहाराला धरून चालायचं: पत्र हातात पडल्यापासून एक पूर्ण महिना सुटायला हवा. २० एप्रिलला पोहोचलं तर वाढ १ मेपासून नको, १ जूनपासून. किराया १० तारखेपासून ९ तारखेपर्यंत चालत असेल तर वाढही १० तारखेपासूनच. महिन्याच्या मधून वाढ लावली की त्या महिन्याचा हिशोब दोन तुकड्यांत करावा लागतो आणि पावती कायमची वादाची होते.

पत्रासाठी बाँड लागत नाही. लोक उगाच नोटीस बाँडवर छापतात, आता तर शंभराचा बाँड जाऊन पाचशेचा झालाय. साधा पांढरा कागद, मराठीत, हाताने लिहिलेलं असलं तरी चालतं. पहिल्या पत्राला वकिलाचीही गरज नाही, उलट वकिलाचं पत्र आलं की किरायदार लढायच्या तयारीला लागतो. किरायदाराला मराठी वाचता येत नसेल तर सोबत उर्दूत किंवा हिंदीत एक प्रत द्या. नंतर "मला कळलंच नाही" म्हणायला जागा राहत नाही.

मजकूर साधारण असा:

"दिनांक १८ एप्रिल. प्रति, श्री. (किरायदाराचं पूर्ण नाव), राहणार (मनपा घर क्रमांक, मजला, खोल्या, गल्ली, शहर). सा. न. वि. वि. वरील घराच्या तळमजल्यावरील पूर्वेकडील दोन खोल्या व संडास-बाथरूम आपल्याकडे दरमहा रुपये ६,५०० (अक्षरी रुपये सहा हजार पाचशे फक्त) किरायाने आहेत. मागील वाढ गतवर्षी १ जूनपासून झाली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधील कलम ११ प्रमाणे चालू किरायावर ४ टक्के, म्हणजे रुपये २६०, इतकी वाढ करीत आहे. १ जूनपासून दरमहा किराया रुपये ६,७६० (अक्षरी रुपये सहा हजार सातशे साठ फक्त) राहील. बाकी अटी पूर्वीप्रमाणेच. ३१ मेपर्यंतचा किराया जुन्या दरानेच द्यावा. आपला, (सही, पूर्ण नाव, पत्ता, फोन)."

एवढंच. "न दिल्यास घर खाली करावे लागेल", "आठ दिवसांत सामान काढा", "पाणी बंद करू" यातलं काही नको. पाणी किंवा वीज तोडणं तर कलम २९ प्रमाणे गुन्हा आहे; ती धमकी स्वतःच्या सहीने लिहून देऊ नका.

मजकुरातल्या काही जागा जपा. जागेचं वर्णन नेमकं हवं. "आमचं घर" असं लिहिलं आणि घरात तीन किरायदार असले की नोटीस कोणत्या खोल्यांची हे सिद्ध करत बसावं लागतं. टक्के आणि रुपये दोन्ही लिहा, म्हणजे एकात चूक झाली तर दुसऱ्यावरून कळते. कर वाढीचा भाग असेल तर तो वेगळ्या ओळीत: "कलम १२ प्रमाणे मालमत्ता करातील वाढीचा वाटा दरमहा रुपये २५." दोन्ही एका आकड्यात कोंबले की ४ टक्क्यांची मर्यादा ओलांडल्यासारखं दिसतं.

सही कोणी करायची? कायद्यात किराया घेणारा किंवा घ्यायचा हक्क असलेला तो मालक. गुंठेवारीच्या वस्तीत पीआर कार्ड (मालमत्ता पत्रक) नसलेली शेकडो घरं किरायाने आहेत, त्यांनाही हे चालतं. वडील वारले आणि घर तीन भावांच्या नावावर आलं, तर तिघांनी सही करा, नाहीतर दोघांनी तिसऱ्याला मुखत्यारपत्र द्या. एका भावाने वाढवलं आणि दुसऱ्या भावाने जुन्या दराने किराया घेऊन पावती दिली, असं झालं की सगळं पाण्यात. किरायदार वारला असेल तर मेलेल्या माणसाच्या नावाने नोटीस जाऊ देऊ नका. घरात जे त्याच्यासोबत राहत होते आणि आज राहतात, त्यांची नावं घाला.

आता पत्र पोहोचवणं. हाताने द्यायचं असेल तर दोन प्रती करा, दुसऱ्या प्रतीवर "मूळ प्रत मिळाली" असं लिहून सही आणि तारीख घ्या. सही द्यायला कां-कूं झाली तर वाद न घालता पोस्टात जा. २०२५ मध्ये डाक खात्याने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये मिळवून टाकलं, तेव्हा आता स्पीड पोस्ट करायचं आणि त्यावर नोंदणीची जादा सेवा आणि पोहोच मागायची. खिडकीवर सांगितलं नाही तर साधंच जातं. पाकिटावर किरायदाराचं नाव आणि पूर्ण पत्ता पिनकोडसह. पावती, ट्रॅकिंगची छापील प्रत आणि पोहोच या तिन्ही एका फायलीत. ट्रॅकिंगची नोंद संकेतस्थळावर कायम राहत नाही, त्याच आठवड्यात छापून घ्या.

पाकीट "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आलं तर ते फोडू नका. बंद पाकीट हाच पुरावा. बरोबर पत्त्यावर, तिकीट लावून, नोंद करून पाठवलेलं टपाल पोहोचलं असं मानायचा नियम १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड कायद्याच्या कलम २७ मध्ये आहे. "घर बंद" असा शेरा आला तर गोष्ट वेगळी. पुन्हा एकदा पाठवा, आणि दारावर एक प्रत चिकटवून दोन शेजाऱ्यांच्या सह्या आणि तारखेसह फोटो घ्या. खासगी कुरिअरवर विसंबू नका.

व्हॉट्सॲपवर फोटो टाकला, निळ्या टिका आल्या, झालं, असं सांगणारे बरेच भेटतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका वसुलीच्या प्रकरणात अशा टिका ग्राह्य धरल्या होत्या, हे खरं. तरी व्हॉट्सॲप पत्राच्या सोबतीला ठेवा, पत्राच्या जागी नको. फोन बदलतो, नंबर बदलतो, चॅट पुसली जाते.

१ जून उजाडतो आणि ६,५०० च येतात. इथं मालकाची खरी कसोटी, कारण पैसे तर हवेत आणि घेतले तर जुना दर मान्य केल्यासारखं होतं का, ही भीती. पैसे घ्या. पावती द्यावीच लागते, कलम ३१ तसं सांगतं. पण पावतीवर लिहा: "जून महिन्याच्या किराया रु. ६,७६० पैकी रु. ६,५०० मिळाले, बाकी रु. २६०." यूपीआयवर आले असतील तर त्याच दिवशी हाच मजकूर मेसेज करा आणि पावतीही पाठवा. "जूनचा किराया मिळाला, धन्यवाद" असा मेसेज चार महिने गेला की तुमची नोटीस तुम्हीच मोडीत काढली. पावतीपुस्तक अनुक्रमांकाचं हवं, कार्बन कॉपीसह. सुटे कागद कामाचे नाहीत.

थकत गेलं तर दुसरी नोटीस. पहिलीचीच ताकीद म्हणून तिच्याकडे बघू नका, तिचं काम वेगळं आहे. कलम १५ म्हणतं की थकबाकीसाठी ताबा मागण्याचा दावा लावायचा तर आधी लेखी मागणीची नोटीस द्यायची आणि ती पोहोचल्यापासून ९० दिवस थांबायचं. या नोटिशीत कोणकोणत्या महिन्यांचे किती, जुन्या दराचे किती, वाढीचे किती, असा तक्ता हवा. पुष्कळ जण पहिल्याच पत्रात वाढ मागतात, तीच थकबाकी म्हणून धरतात आणि तिच्यावरूनच घर खाली करायला सांगतात. ज्या दिवशी पत्र लिहिलं त्या दिवशी वाढ देय झालीच नव्हती, मग थकबाकी कसली? अशी नोटीस कोर्टात उभी राहत नाही आणि ९० दिवस पुन्हा मोजावे लागतात. ही दुसरी नोटीस मात्र वकिलाकडून लिहून घ्या. दावा दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्याकडे लागतो.

दरम्यान किरायदार कलम ८ खाली प्रमाणित किराया ठरवून मागायला कोर्टात जाऊ शकतो. गेला तर तुमच्या जुन्या पावत्या, कर पावत्या आणि दरवर्षीची वाढीची पत्रं यावरच सगळं ठरतं.

आणि किराया वाढवून, तो थकवून, त्या थकबाकीवर घर रिकामं करून घ्यायचा बेत असेल तर कलम १५ चा शेवटचा भाग वाचा. दाव्याचं समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत किरायदाराने सगळी थकबाकी, त्यावर वर्षाला १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, तर त्या कारणावरून ताबा मिळत नाही. महिन्याच्या २६० रुपयांची थकबाकी भरणं कुठल्याही किरायदाराला जड नाही. पैसे मिळतील, घर मिळणार नाही.